घोडीवाले दादा

आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, आणि अक्षर तर असं की कधी कधी माझं मलाच लागत नाही. सुई-दोऱ्याची सवय झालेली बोटं पेन फार दाबून धरतात आणि कागद फाटतो. पण घोडीवाल्या दादांबद्दल सांगावंसं वाटतं आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून घरच्या घरी लिहून ठेवते आहे.

दादा मोटारसायकली बनवायचे. दुरुस्त करणारे अकोल्यात गल्लोगल्ली आहेत, दादा बनवायचे. जुनी गाडी आणायची, तिचं इंजिन आणि सांगाडा ठेवायचा आणि बाकीचं सगळं एका माणसाच्या अंगाला बसेल असं नव्यानं घडवायचं. पत्रा ठोकून टाकी, पाईप वाकवून हँडल, फोम कापून सीट. पण गिऱ्हाईक दारात आलं की त्याला रंग कोणता, पैसे किती, हे ते विचारत नसत. हातातला पाना खाली ठेवून त्यांचा पहिला प्रश्न असे, "मांगं कोन बसन?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. अमरावतीहून तरुण पोरं यायची, रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात गाड्या पळवणारी. त्यांना एकट्याची सीट हवी असायची. "काका, आमच्या मांगं कोनी नाई बसत," ती म्हणायची. दादा म्हणायचे, "आज नाई बसत. उद्या बसन." एकट्याची सीट करून द्यायचे, पण मागच्या नळीला दोन भोकं पाडून त्यांना रबरी बुचं लावून ठेवायचे. त्यातला एक पोरगा काही वर्षांनी बायकोला घेऊन आला आणि मान खाजवत म्हणाला, "काका, मांगं सीट बसते का आता?" दादांनी बुचं काढून दाखवली. "माही तयारी कवाचीच हाय. तूच उशीर केला, लेका."

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत. "फटाके फोडाले दिवाळी हाय ना बाप्पा. रोज काहून फोडतं?" इंजिनावरच्या आणि सांगाड्यावरच्या नंबराला त्यांनी कधी हात लावला नाही. तो नंबर म्हणजे गाडीचं नाव, ते आपण ठेवलेलं नाही, म्हणून आपण पुसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला हे सगळं माहीत, कारण त्यांच्या गॅरेजच्या पत्र्याच्या सावलीतच माझं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, दोन टोपल्या आणि पाण्याची बादली. आमचं घर पातूरकडचं, माळ्याचं. आमचे हे शेत बघतात आणि फूल विकायला मी अकोल्याला येते. घरचं फूल रोजच्या हारांपुरतं, दसऱ्याला ते पुरत नाही. हार ओवताना हात चालू असतात, डोळे मोकळे असतात. माझे डोळे दिवसभर गॅरेजात असायचे. हा माणूस पत्र्याला कान का लावतो, फोम कापायच्या आधी स्वतःच त्यावर डोळे मिटून का बसतो, असं मनात यायचं. विचारायची हिंमत मात्र होत नसे.

सगळ्यात जास्त नवल त्या घोडीचं. बाभळीच्या लाकडाची, मोटारसायकलीएवढी, चाकं नसलेली. तिची सीट, हँडल, पाय ठेवायच्या खुंट्या, सगळं मागेपुढे सरकवता येईल असं, जागोजाग भोकं आणि खिळे. माणसाला त्यावर बसवायचं, डोळे मिटायला लावायचं आणि हात पुढे करायला सांगायचं. हात आपोआप जिथे जाऊन थांबतील तिथे हँडल. मग खडूनं खूण. या घोडीवरून त्यांना घोडीवाले दादा नाव पडलं. त्यांचं खरं नाव गिऱ्हाइकांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

एकदा एका शेतकऱ्याची गाडी करायची होती आणि त्याची बायको माप द्यायला यायला तयार नव्हती. दादा माझ्यापाशी आले. "बाई, लुगडं नेसलेलं मानूस पाह्यजे. जराक बसता का घोडीवर?" मी पदर तोंडावर ओढला आणि मान हलवून नाही म्हटलं. ते परत गेले. पण माझ्या मनातून ती घोडी जाईना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी रस्त्याला कोणी नव्हतं, तेव्हा मीच उठले आणि जाऊन मागच्या सीटवर एका बाजूला बसले. दादा समोर वेल्डिंग करत होते. त्यांनी काच वर केली आणि विचारलं, "कसं वाटते?"

"पाय लोंबते," मी म्हटलं.

"आनखी?"

"धराले मांगं काई हाय, पन मांगं हात नेला तं मांडीवरची पिशी पडते. धराचं ते गुडघ्यासामने पाह्यजे."

दादांनी वेल्डिंगची कांडी बाजूला ठेवली. "इतकी वर्सं झाली मले गाड्या बनवून, पन हे कोन्या बाईनं सांगतलं नाई. इचारलं का म्हनतात, बरं हाय."

आठवड्यानं ती गाडी तयार झाली तेव्हा मागच्या बाजूला पाय ठेवायला जरा उतरती पट्टी होती, आणि गुडघ्यासमोर एक वाकवलेली कडी. मी फुलं ओवायचं थांबून त्या कडीकडे बघत राहिले. माझं घरातसुद्धा कोणी फारसं ऐकत नाही. इथे माझं बोलणं लोखंडाचं होऊन उन्हात चमकत होतं.

त्यानंतर मला बोलावणं येऊ लागलं. "बाई, या जराक." मी जायची, बसायची, सांगायची. धीट झाल्यावर एक दिवस मी विचारलं, "दादा, सारे चालवनाऱ्याचं पाह्यतात. तुमाले मांगच्याचंच काहून पडलं?"

मला वाटलं होतं, काही तरी मोठं दुःख निघेल. दादा हसले. "मी लहानपनी कवा सामने बसलोच नाई. अमरावतीले मोठा भाऊ गाडीवर सरकीच्या ढेपीचे पोते पोचवे, आन मी पोत्यावर बसून पोते धरो. मांगून रस्ता नाई दिसत बाई, पाठ दिसते. त्या पाठीमांगं बसून गाडीचा आवाज शिकलो, खड्डा शिकलो, ब्रेक शिकलो. मले गाडी मांगूनच समजते." पुढे भावाच्या ओळखीनं ते एका लेथच्या कारखान्यात लागले, तिथे पाईप वाकवायला शिकले. दोन भंगार गाड्यांची एक गाडी करून ती घेऊन अकोल्याला आले आणि इथेच राहिले. एवढंच.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला हिवरखेडचे एक मोठे शेतकरी आले. काळ्या रानाचे मालक, बोलणं मोकळं. "दिवाळीनंतर पोरीचं लगन हाय. पोरीले गाडी द्याची हाय. दसऱ्याले पूजा झाली पाह्यजे. पैशाकडं पाहू नका." दादांनी नेहमीचं विचारलं, मागे कोण बसणार. ते म्हणाले, "बसन ना कोनी बी, घरचंच मानूस." दादांच्या मनात आणि माझ्याही मनात एकच आलं. आमच्याकडे मुलीच्या लग्नात बाप गाडी देतो ती जावयासाठी. जावई चालवणार, मुलगी मागे बसणार. दादा खुशीत आले. मुलीची मागची सीट करायची, यापेक्षा आवडीचं काम त्यांना नव्हतं.

पण दादांची एक रीत होती. मागचा माणूस येऊन बसून "बरं आहे" म्हणेपर्यंत ते गिऱ्हाइकाकडून पैसा घेत नसत. या गाडीला सामान भारी लागणार होतं आणि दादांचा हात तेव्हा रिकामा होता. माझ्याकडे दसऱ्याची रक्कम होती. आम्हा फूलवाल्यांचं वर्ष दसऱ्यावर असतं. नवरात्राच्या सुरुवातीला उभ्या झेंडूच्या वावराला इसार, म्हणजे आगाऊ पैसे, द्यावा लागतो, तो दिला नाही तर व्यापारी सगळं फूल उचलून नेतात आणि दसऱ्याला आपली फळी रिकामी. ती रक्कम मी दादांना देऊ केली. त्यांनी मागितली नव्हती. "घटाच्या आदी देतो बाई," ते म्हणाले. "तवा पोरगी सीट पाहाले येईन, अर्धे पैसे येतीन, पयले तुमचे." घरी मी सांगितलं नाही.

त्या गाडीचं माप माझ्या अंगावर घेतलं. मी रोज मागे बसायची, दादा इंचभर सरकवायचे, मी पुन्हा बसायची. तशी सीट त्यांनी आधी कधी केली नव्हती. पुढची बाजू त्यांनी नेहमीच्या उंच गड्याच्या मापानं करून टाकली. रुंद टाकी, लांब हँडल.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गॅरेजसमोर एक गाडी थांबली. ओढणीनं तोंड बांधलेली मुलगी गाडी चालवत होती आणि मागे हिवरखेडचे तिचे वडील दोन्ही हातांनी कॅरिअर धरून बसले होते. दादा बघतच राहिले. माझ्या हातातला हार तसाच राहिला.

मुलीचं नाव प्रणाली. तिकडच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. तिनं ओढणी सोडली, नव्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. पाय जमिनीला जेमतेम टेकले. हँडल धरायला तिला टाकीवर ओणवं व्हावं लागलं.

"काका, मांगची सीट लय भारी झाली," ती म्हणाली. "पन सामनेची कोनाच्या मापाची हाय?"

"जावईबापूच्या," दादा म्हणाले. "म्हनजे अंदाजानं."

"त्याइची त्याइच्याजोळ हाय की गाडी. हे माही हाय. औषधाचे डबे घेऊन मी गावोगाव फिरतो."

वडील मोठ्यानं हसले. "म्या तं सांगतलं व्हतं, पोरीले गाडी द्याची हाय." मग ते दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. गाडी झ्याक झाली हाय. चालवन जावई. हे घ्या पैसे, अर्धे नाई, सारेच घ्या." आणि त्यांनी खिशातून पुडकं काढलं.

"बाबा!" प्रणाली म्हणाली. नुसती टाकीवर हात ठेवून बसून राहिली.

दादा त्या पुडक्याकडे बघत होते, आणि मीही. माझं झेंडूचं वावर त्यात होतं. दादा माझ्या फळीपाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, मापात नसलेली गाडी मी देत नाई. पन यात पैसा तुमचा हाय. तुमी म्हना तं आता देऊन टाकतो. तुमी म्हनसान तसं."

तिघंही माझ्याकडे बघत होते. माझे कान गरम झाले. घर आठवलं, दसरा आठवला. आणि हेही मनात आलं की इतके दिवस मी त्या घोडीच्या मागे बसत होते, दादांना सतरा गोष्टी सांगत होते, पण पुढे कोण बसणार हे मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"पोरीले सामने बसवा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की दादांना पुन्हा विचारावं लागलं. मी पुन्हा म्हटलं.

दादांनी वडिलांचं पुडकं परत केलं. दसऱ्याची पूजा जुन्याच गाडीची करा, लग्नाआधी नवी देतो म्हणाले. वाढीव खर्च देतो असं वडील म्हणाले, तर "चूक माही हाय" एवढंच त्यांचं उत्तर.

त्याच दुपारी दादांनी गॅरेज बंद केलं आणि मला म्हणाले, "चला बाई, पातूरले. वावरवाल्याले मी जामीन राहातो." लाकडाच्या घोडीवर मी कितीदा बसले असेन, पण चालत्या गाडीवर दादांच्या मागे त्या दिवशी पहिल्यांदा बसले. आता काय होणार याची भीती होती, पण बसायला कुठे म्हणून अडचण झाली नाही.

वावरवाला भाऊ बांधावर बसला होता. दादांनी आपण जामीन राहतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मोटरसायकलीवाला फुलाले जामीन? उद्या तुमची गाडी बंद पडली तं फूल तोडाले टोचन लावू का?" त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. माणसाला घोडीवर बसवताना बोलणारे दादा तिथे शाळेतल्या पोरासारखे उभे होते.

मग मीच बोलले. "भाऊ, इसार नाई माह्याजोळ यंदा. पन फूल मले द्या. दसऱ्याच्या सांजीले पैसे तुमच्या हातात."

"आन इकलं नाई तं?"

"तं सडका झेंडू माह्या दारात पडन, तुमच्या नाई. वास मले येईन."

त्याची बायको म्हणाली, "द्या ना हो, पयल्यांदाच तोंड उघडलं बिचारीनं." अर्धं वावर त्यानं मला दिलं. अर्ध्याचा इसार व्यापाऱ्याकडून घेऊन झाला होता. त्या दसऱ्याला माझी फळी दुपारीच रिकामी झाली. गिऱ्हाईक येऊन परत जात होतं आणि मी बसून बघत होते. निम्मी कमाई बुडाली. घरी काय सांगायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

गाडी मात्र दादांनी सगळी उकलली. टाकी कापून अरुंद केली, हँडल जवळ आणलं, मागच्या नळ्या बदलल्या, रंग पुन्हा दिला. प्रणाली घोडीवर पुढे बसायला दोनदा आली. मधल्या दिवसांत माप लागलं की दादा मला म्हणत, "बाई, आता सामने बसा. पोरगी तुमच्याच उंचीची हाय." मी हँडल धरलं, डोळे मिटले. कुठे जात नव्हते, तरी हँडल घट्ट धरून बसले. लग्नाच्या आठ दिवस आधी प्रणाली गाडी घेऊन गेली. निघताना तिनं माझ्याकडून गाडीला हार घेतला आणि त्याचे पैसे दिलेच. वळणावर गाडी जराही डगमगली नाही.

ठरलेले पैसे आले, पण ते दुप्पट कामात गेले होते. लेथवाला आणि रंगवाला हातावर पोट असलेले, दादांनी आधी त्यांचं चुकतं केलं. मला म्हणाले, "तुमचे थोडे थोडे देतो बाई." पहिला हप्ता त्यांनी मोबाईलवरून पाठवला. माझ्या फळीवर ते बोलणारं डबडं आहे, पैसे आले की ओरडून सांगणारं. नेमके आमचे हे त्या दिवशी दुकानात बसले होते. डबडं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडलं, पाच हजार रुपये मिळाले.

आमचे हे दचकले. "पाच हजाराचे हार कोनं नेले व?"

मग सगळं सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "म्हनजे दसऱ्याचं वावर तू मोटरसायकलीत पेरलं." पुढे महिनाभर कोणी पाहुणा आला की हे वाक्य त्याला ऐकवायचे. मी दादांना सांगितलं, "आता मोबाईलवर नका पाठवू, हातात देत जा." त्यांनाही ते पटलं.

उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या बाजूची पत्र्याची शेडं काढायला लावली. मी फळी उचलून पलीकडे बसले. गॅरेज असं उचलता येत नाही. दादा सामान टेम्पोत भरून अमरावतीला भावाकडे गेले. जाताना म्हणाले, "माह्याकडं अजून हायेत तुमचे. इसरलो नाई." त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी येत, काही रक्कम हातात ठेवत, घटकाभर बसत. तिकडेही काम मिळतं म्हणाले. आता पहिला प्रश्न बदलला होता. आधी विचारत, "चालवन कोन?" मग, "मांगं कोन?" एकदा मी त्यांना विचारलं, बायका येतात का माप द्यायला? म्हणाले, "येतात. आन मी त्याइले सांगतो, बरं हाय म्हनू नका, काय दुखते ते सांगा."

रस्त्यानं मोटारसायकल गेली की मी अजून मागच्या बाईचे पाय बघते. बहुतेकींचे लोंबत असतात.

पुढच्या पोळ्यानंतर एका सकाळी दादा आले ते एसटी स्टँडकडून पायी चालत. मी विचारलं, "गाडी कुठी हाय दादा?"

"देली एकाले. त्याची माय मांगं बसाले भेत व्हती."

विकली का, आणि कशासाठी विकली, हे मला विचारायचं होतं. त्यांनी खिशातून नोटा काढून फळीवर फुलांच्या बाजूला ठेवल्या. "मोजा बाई."

"असू द्या दादा."

"नाई, मोजा. न मोजता घेतले तं फिटत नाई."

मी ओले हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर मोजले. बरोबर होते. दादांनी विचारलं, "फिटले?" मी म्हटलं, "फिटले." त्यांनी एक मोठा श्वास सोडला, पाणी मागून प्यायले आणि अमरावतीची गाडी पकडायची म्हणून उठले. त्यानंतर ते इकडे आले नाहीत.

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पैसे कमरेला खोवले आणि पातूरच्या एसटीत बसून वावरवाल्या भावाच्या बांधावर गेले. तो म्हणाला, "यंदा बी उधार का?" मी नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. सगळ्या वावराचा इसार दिला.